उन्हाळी माध्यम शिबिर: सही करण्याआधी विचारा

सुट्टी तोंडावर आली की माझ्याकडे त्याच त्या शंकांची पत्रं येतात. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना माध्यम अभ्यासाच्या शिबिरात घालायचं असतं, पण तिथे काय शिकवतात याची कल्पना जाहिरातीवरून केलेली असते. म्हणून यंदा आलेल्या पत्रांपैकी काहींना इथेच उत्तरं देते.

मुलगी नुकतीच बारा वर्षांची झाली. लहान आहे का?

नाही. मात्र तिला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या गटात बसवणार असतील, तर आयोजकांशी आधी बोलून घ्या.

शिबिरवाले 'व्यावसायिक किट' सवलतीत देत आहेत. घ्यावं का?

घेऊ नका. घरातला फोन पुरतो. किट घेतल्याशिवाय प्रवेश नाही असं कुणी म्हणत असेल, तर दुसरं शिबिर बघा.

'दहा दिवसांत तुमचं मूल यशस्वी यूट्यूबर' अशी जाहिरात पाहिली. शेजारी म्हणतात, माध्यम अभ्यास म्हणजे तेच. खरं का?

खरं नाही. कॅमेऱ्यासमोर कसं बोलावं हे शिकवणं वाईट नाही, पण तो झाला सादरीकरणाचा वर्ग. माध्यम अभ्यासात मूल प्रश्न विचारायला शिकतं. ही बातमी कुणी केली, कुणासाठी केली, पैसा कुणी दिला, चौकटीबाहेर काय ठेवलं? १९८२ साली युनेस्कोच्या परिषदेतून निघालेल्या ग्रुनवाल्ड जाहीरनाम्याने हेच मागितलं होतं: मुलांना माध्यमांकडे चिकित्सक नजरेने बघायला शिकवा, आणि तेही अगदी बालवर्गापासून.

चित्रण आणि संकलन शिबिरात हवंच, कारण हाताने केल्याशिवाय हे कळत नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला, कधी एका स्त्रीच्या दृश्याला जोडला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि ओढ दिसली असं सांगतात. मी हा प्रयोग मुलांकडूनच करून घेते. एकदा एका मुलीचा खिडकीकडे बघतानाचा चार सेकंदांचा शॉट होता. एका गटाने त्याच्यापुढे रिकामा बाक जोडला, दुसऱ्याने फुगे. बाकाची क्लिप बघून सगळे गप्प झाले, आणि तीच मुलगी म्हणाली, "मी रडत नव्हते, मला झोप येत होती." टीव्हीवरच्या बातमीतल्या रडवेल्या चेहऱ्यांबद्दल तिला नंतर वेगळं काही समजवावं लागलं नाही.

शिबिराचं वेळापत्रक मागून घ्या. त्यात फक्त शूटिंग, एडिटिंग आणि 'ग्रँड फिनाले' असेल, तर शिकवणाऱ्यांना भेटा आणि मुलं कशाची चिकित्सा करणार आहेत ते विचारा.

प्रमाणपत्राचा पुढे प्रवेशासाठी उपयोग होतो का?

तसं गृहीत धरू नका. जिथे प्रवेश हवा आहे त्या संस्थेलाच विचारा.

मुलगा म्हणतो, एआयचा खोटा फोटो बोटं मोजली की कळतो. मग त्यासाठी शिबिर कशाला?

हे ऐकीव ज्ञान आता मोडीत काढा. बोटांच्या चुका जुन्या साधनांकडून जास्त व्हायच्या, साधनं दर काही महिन्यांनी सुधारतात. शिवाय खोटेपणा नेहमी चित्राच्या आतच असतो असं नाही.

१९१७ साली इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात नात्यातल्या दोन बहिणींनी, एक सोळा वर्षांची आणि एक नऊ, मोठीच्या वडिलांच्या कॅमेऱ्याने पऱ्यांचे फोटो काढले. निगेटिव्ह तपासणाऱ्या जाणकाराने सांगितलं की त्यात फेरफार नाही. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारख्या लेखकानेही विश्वास ठेवला, १९२० साली ते फोटो त्यांच्या लेखासह मासिकात छापून आले. कागदाच्या पऱ्या कापून टोपीच्या पिनांवर उभ्या केल्या होत्या, हे त्या बहिणींनी कबूल केलं १९८३ साली. फोटोत खाडाखोड नव्हतीच, बनाव कॅमेऱ्यासमोर उभा होता. फोटोकडे कितीही वेळ टक लावून बसलं तरी अशी गोष्ट सुटत नाही. हा फोटो आधी कुठे आला, कुणी टाकला, तीच घटना आणखी कुणी टिपली आहे का, हे शोधावं लागतं. मुलाला हे शोधायची सवय लागायला हवी. 'एआय विशेष' अशी पाटी लावून जास्त शुल्क घेणाऱ्यांना विचारा, की ही सवय कोणत्या तासाला लावणार आहात.

युद्धाच्या बातम्या बघून मुलाची झोप उडाली आहे. शिबिराने भीती जाईल का?

शिबिर हा उपचार नाही. आधी बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला भेटा, प्रवेशाचं त्यांच्या सल्ल्याने ठरवा.

फॉर्ममध्ये 'मुलाची छायाचित्रे व चित्रफिती कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी वापरण्यास संमती' असं आहे. सगळे सही करतात. आम्हीही करावी ना?

या वाक्यावर सही करू नका. हे मी दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी पत्र येतं ते सही झाल्यावर. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

या एका वाक्यात तीन वेगळ्या परवानग्या कोंबल्या आहेत. वर्गात सरावासाठी चित्रण करणं ही एक, शेवटच्या दिवशी पालकांना दाखवणं ही दुसरी, आणि इंटरनेटवर टाकणं किंवा जाहिरातीत वापरणं ही तिसरी. पहिलीशिवाय शिबिर चालणार नाही. तिसरीशिवाय शिकण्यात काहीही कमी पडत नाही, ती फक्त आयोजकांच्या कामाची असते.

अनेक वर्षांपूर्वी मी शिकवत होते त्या एका शिबिरात मुलं एकमेकांच्या मुलाखती घेत होती. तेरा वर्षांचा एक मुलगा आईवडील वेगळे झाल्याबद्दल बोलला, समोर मित्र होता म्हणून मोकळेपणाने बोलला. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत ती क्लिप होती, खाली हळवं संगीत. पालकांची सही होती, त्यामुळे आयोजक निर्धास्त होते. मुलाला कुणीच विचारलं नव्हतं. मी त्या खोलीत होते आणि चित्रणाचं पुढे काय होणार हे मीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून पहिल्या बैठकीत मी तेच विचारते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात मुलांच्या खासगीपणाचा हक्क सोळाव्या कलमात आहे, आणि त्यांच्याविषयीच्या निर्णयात त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याचा बाराव्यात. तेव्हा आधी मुलाशी बोला, तेही शिबिरवाले समोर नसताना. मग ते वाक्य खोडा, मंजूर असेल तेवढंच हाताने लिहा आणि प्रत ठेवून घ्या. चित्रण कुणाच्या फोनमध्ये राहणार, कधी पुसणार, हे लेखी मागा. चेहरा, नाव आणि शाळेचं बोधचिन्ह एकाच चौकटीत येता कामा नये. फोनमधल्या फोटोसोबत तो काढल्याची जागाही नोंदली जाऊ शकते, ती नोंद बंद ठेवायला सांगा.

आणखी एक. बहुतेक मोठ्या समाजमाध्यमांवर तेरा वर्षांखालच्या मुलांना खातं उघडता येत नाही, याचं मूळ अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यात आहे. शिबिरात बारा वर्षांच्या मुलाला जन्मवर्ष बदलून खातं उघडायला लावत असतील, तर शुल्क परत मागा. मुलाने केलेल्या फिल्मचा मालकी हक्क कुणाचा, याचे नियम देशागणिक वेगळे असतात. फॉर्मवर तो हक्क आयोजकांकडे जात असेल, तर सहीआधी वकिलाला दाखवा.

'सगळे सही करतात' हे कारण होऊ शकत नाही.

गेल्या वर्षीच्या शिबिरातला मुलीचा व्हिडिओ अजून दिसतो. मुलं तिला चिडवतात. सही केली होती. आता काही करता येईल का?

येईल, पण वर्षभर थांबायला नको होतं. आजच लिंक, स्क्रीनशॉट आणि तारीख जपून ठेवा, आयोजकांना संमती मागे घेतल्याचं लेखी कळवा आणि संबंधित माध्यमाकडे खासगीपणाची तक्रार नोंदवा. युरोपात २०१८पासून लागू असलेल्या कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. तुमच्याकडे काय लागू होतं ते वकिलाला विचारा. चिडवण्याबद्दल वर्गशिक्षकांना आणि समुपदेशकांना भेटा, व्हिडिओ निघेपर्यंत वाट बघू नका.

ताई, मी चौदा वर्षांची आहे. आईबाबांनी सही केली आहे, पण मला माझा व्हिडिओ कुठेच टाकलेला नको. मी नाही म्हणू शकते का?

हो, म्हणू शकतेस. आज रात्री आईला किंवा बाबांना सांग, आणि त्यांनाच शिबिरात लेखी कळवायला सांग. पहिल्या दिवशी कॅमेरा सुरू होण्याआधी शिबिरात शिकवणाऱ्यांना तूही सांग. कॅमेऱ्यामागचं काम माग: ध्वनी, संकलन, पटकथा. मधेच कुणी 'एकच शॉट' म्हणून आग्रह केला तरी 'नाही' म्हण, कारण सांगायची गरज नाही. आणि ऐकलं नाही, तर त्याच दिवशी घरी सांग.