कातळशिल्पांवर प्रबंध: शाखा कोणती?

प्रश्न: राजापूरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर कोरलेल्या कातळशिल्पांवर प्रबंध करायचाय. विज्ञान, कायदा की कला?
– विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर: आधी प्रश्न ठरवा, शाखा मग. विज्ञानाकडे गेलात तर शिल्पांचं वय काढणं अवघड: जांभ्यातल्या खाचेत मूळचं सेंद्रिय काही उरत नाही, म्हणून कार्बन कालमापन थेट लागू पडत नाही. कलेच्या अंगाने आकृत्या अभ्यासायच्या तर भरदुपारी फोटो नकोत, खाच सपाट दिसते. सकाळच्या तिरक्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. खाचेत खडू तर मुळीच भरू नका. मग रेषा कोरणाऱ्याची राहत नाही, तुमची होते!

कायद्याकडे वळलात तर पहिल्यांदा सातबारा. सडे बरेचसे खासगी, एकेका उताऱ्यावर ढीगभर सहहिस्सेदार. संरक्षणाचं घोडं तिथेच अडतं. २०२२ पासून कोकणातली काही स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, पण त्याने कायद्याचं कवच आपोआप मिळत नाही.