विषारी सरडा घरी आणायचा म्हणताय?

घोडबंदर रोडपासून उलव्यापर्यंतच्या वाचकांनी या वेळी एकाच विषयावर प्रश्न पाठवलेत. गंमत अशी, की भारतात विषारी म्हणावा असा एकही सरडा किंवा पाल नाही. आपल्याकडे बिनविषारी जनावरं विषारी समजून मारली जातात, आणि जे खरोखर विषारी आहे ते हौसेने मागवलं जातं.

प्रश्न : मी कोलशेतला राहतो, वय २४. इन्स्टाग्रामवर एक जण हीला मॉन्स्टर या अमेरिकेतल्या विषारी सरड्याचं पिल्लू विकतोय. "कॅप्टिव्ह ब्रीड (म्हणजे माणसाकडेच जन्मलेलं) आहे, पेपर्स मिळतील, एक्झॉटिकला (म्हणजे परदेशी प्राण्याला) आपला कायदा लागत नाही" असं म्हणतो. मी आधी बॉल पायथन (छोटा बिनविषारी अजगर) पाळलाय, त्यामुळे हाताळायची सवय आहे. घेऊ का?

नका घेऊ.

"एक्झॉटिकला कायदा लागत नाही" हे काही वर्षांपूर्वीपर्यंत बऱ्याच अंशी खरं होतं. विक्रेत्यांच्या तोंडी ते तेव्हापासून बसलंय, कायदा मात्र बदललाय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यात चौथी अनुसूची ही वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटिस या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांसाठी आहे. हीला मॉन्स्टर सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. म्हणजे तो जवळ असेल तर सरकारदरबारी नोंद हवी, आणि तो देशात आला कसा याचाही हिशेब हवा.

तेव्हा "पेपर्स" म्हणजे नेमके कोणते, ते विचारा. ज्या देशातून आला त्या देशाचा सायटिस परवाना, आपल्याकडचा आयात परवाना आणि विक्रेत्याच्या नावावरची नोंदणी, हे तिन्ही एकाच जनावराचे असायला हवेत. लोक माझ्याकडे घेऊन येतात ते बहुधा सही-शिक्क्याचं एक पान असतं, नाहीतर भलत्याच प्राण्याच्या कागदाची झेरॉक्स. हे प्राणी येतात कसे, तेही बघा. २०२५ च्या मे-जूनच्या सांध्यावर थायलंडहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात डझनावारी विषारी साप सापडले. त्यातले ४४ इंडोनेशियातले पिट व्हायपर होते. अशा बॅगेतून आलेल्या पिल्लालाही दुकानात पोचेपर्यंत "कॅप्टिव्ह ब्रीड" हेच नाव मिळतं.

आता तुमच्या अनुभवाबद्दल. बॉल पायथन घाबरला की डोकं आत घेऊन गोळा होतो. हीला मॉन्स्टर तसा नाही. अर्धा मीटर लांबीचं, जाड शेपटीचं, काळ्या आणि केशरी-गुलाबी मण्यांनी मढवल्यासारखं दिसणारं हे जनावर चालतं इतकं रेंगाळत की बघणाऱ्याला त्याची दया यावी. ते मणी म्हणजे खवल्यांखालच्या हाडाच्या बारीक बारीक चकत्या असतात. पण हात बाजूला आला की तेच डोकं झटक्यात आडवं वळतं. आणि चावला की सोडत नाही. सापाच्या विषग्रंथी वरच्या जबड्यात असतात, याच्या खालच्या. सुईसारखं विष टोचायची सोयही याच्याकडे नाही. दातांना खोबण्या असतात, त्यांतून विष जखमेत झिरपतं, म्हणून तो जबडा आवळून चावत राहतो. जितका वेळ धरून ठेवेल तितकं विष आत जातं.

यावर उतारा नाही. आपल्याकडे दवाखान्यात मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं. हीला मॉन्स्टरच्या विषावर बाजारात मिळणारा उतारा जगात कुठेही नाही, अमेरिकेतही नाही.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी मी नकोच म्हणेन, आणि त्याचं कारण ठाण्याचा जुलै. हा प्राणी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या आणि उत्तर मेक्सिकोतल्या वाळवंटाचा. आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीखाली बिळात घालवतो, वर्षातून मोजक्या वेळा अंडी आणि पिल्लं पोटभर खातो आणि चरबी शेपटीत साठवतो. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलांनाही बुरशी येते. त्या हवेत याची टाकी कोरडी, थंड आणि हवेशीर ठेवायची म्हणजे एसी आणि डीह्युमिडिफायर रात्रंदिवस सुरू. हे एखाद्या मोसमापुरतंही नाही. नीट सांभाळला तर हा वीस-तीस वर्षं जगतो. तुमचं लग्न होईल, घर बदलेल, कदाचित परदेशात नोकरी लागेल. सोसायटीतला कोणता शेजारी तो आठवडाभर सांभाळेल?

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, आम्ही नेरुळला राहतो. तो म्हणतो की हीला मॉन्स्टर चावून जवळजवळ शंभर वर्षांत कोणी मेलेलं नाही, उलट त्याच्या विषापासून डायबेटिसचं औषध निघालं. खरं आहे का?

औषधाचं खरं आहे. न्यूयॉर्कमधले डॉक्टर जॉन एंग यांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या विषात एक्झेंडिन-४ नावाचं संप्रेरक सापडलं. जेवणानंतर आपल्या आतड्यात जीएलपी-१ तयार होतं आणि इन्सुलिन वाढवायचा निरोप देतं. एक्झेंडिन-४ त्याच्यासारखंच आहे, फक्त आपलं जीएलपी-१ काही मिनिटांत नष्ट होतं आणि हे बराच वेळ टिकतं. त्यावरून बनलेल्या एक्झेनाटाइडला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. आज साखर आणि वजन उतरवण्यासाठी ज्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी चालते, त्या वर्गातलं बाजारात आलेलं हे पहिलं औषध. मुलाला एवढंच सांगा, की हे प्रयोगशाळेत बनवतात. त्यासाठी कोणी सरडा पाळत नाही.

मृत्यूंबद्दल त्याची माहिती जुनी आहे. १९३० नंतर अशा मृत्यूची नोंद नव्हती, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात ३४ वर्षांच्या माणसाला त्याच्या घरातल्याच हीला मॉन्स्टरने हाताला चावा घेतला. थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या, शुद्ध हरपली आणि चार दिवसांनी तो रुग्णालयात मरण पावला. त्याच्याकडे असे दोन होते, आणि त्या राज्यात परवान्याशिवाय ते ठेवता येत नाहीत. शंभर वर्षांत दोनच मृत्यू म्हणजे धोका कमी, असा हिशेब मुलगा मांडेल. हिशेब बरोबर आहे. पण मुळात हे जनावर बिळात राहतं आणि माणसाच्या वाटेला जात नाही. हात त्याच्या टाकीत माणूस घालतो.

प्रश्न : वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊरकडून घोरपड आली. सेक्रेटरी म्हणतात तिची थुंकी विषारी असते, चावली तर माणूस वाचत नाही. वॉचमनने ओळखीच्या दोघांना बोलावलंय, ते "फुकट घेऊन जातो" म्हणतात. द्यावी का?

त्यांना अजिबात देऊ नका. फुकट नेणारे कशासाठी नेतात हे वॉचमनला बहुधा माहीत असतं. मांसासाठी, तेलासाठी, आणि "हत्था जोडी" म्हणून विकायला. पैसा खेचणारी दुर्मिळ मुळी म्हणून जी वस्तू लोक लाल कापडात बांधून तिजोरीत ठेवतात, ती म्हणजे नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. हे कळल्यावर तिजोरीवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या रांगेत. तिला मारणं, पकडून विकणं यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. सोसायटीच्या आवारातून ती गेली, तर चौकशी वॉचमनपाशी थांबणार नाही.

आता थुंकीचं. २००६ मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी घोरपडींच्या कुळातही विषसदृश प्रथिनं बनवणाऱ्या ग्रंथी असल्याचं मांडलं. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण आपल्या घोरपडीने चावल्यावर विष चढून माणूस दगावतो, ही भीती निराधार आहे. तिचा जबडा घट्ट असतो, नखं ओरबाडतात, शेपटीचा फटका चांगलाच लागतो आणि जखम न धुता ठेवली तर चिघळते. एवढंच. पिवळसर पट्ट्यांची पिल्लं दिसली की लोक हमखास दांडकं घेऊन धावतात, आणि तीही तितकीच निरुपद्रवी. यशवंती घोरपडीच्या गोष्टीवर वाढलेल्या आपण लोकांनी घोरपडीला एवढं घाबरावं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

करायचं काय? कुत्री आणि मुलं लांब ठेवा, गाड्या थोडा वेळ हलवू नका, भिंतीकडची बाजू मोकळी सोडा. गर्दी पांगली की बहुतेक वेळा ती आपली आपण निघून जाते. गाडीच्या इंजिनात शिरली किंवा जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि येणाऱ्या माणसाचं ओळखपत्र बघा.

प्रश्न : खारघर. दुधात पाल पडली होती, सासूबाई म्हणतात विष झालं. खरंच का?

पाल विषारी नसते. पण तिच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू येऊ शकतात, तेव्हा दूध ओतून द्या. निष्कर्ष सासूबाईंचाच बरोबर, कारण वेगळं.

प्रश्न : मी वाशीला जनरल प्रॅक्टिस करतो. हीला मॉन्स्टर चावलेला रुग्ण दारात आलाच तर पहिल्या अर्ध्या तासात काय करावं?

डॉक्टरांकडून हा प्रश्न आला हे फार बरं झालं. सरडा अजून लटकलेला असेल तर आधी तो सोडवा. ओढू नका, दात तुटून जखमेत राहतात. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून चपटी, मजबूत वस्तू आत सारून उचकटा, किंवा हात सरड्यासकट पाण्यात बुडवा. आवळपट्टी नको, काप देणं नको, बर्फ नको. वेदना लगेच आणि प्रचंड होतात. त्यापाठोपाठ सूज, घाम, उलट्या, रक्तदाब कोसळणं. सगळ्यात जास्त लक्ष जिभेवर आणि घशावर ठेवा, कारण तिथे सूज चढून श्वास अडू शकतो. शिरेतून सलाइन सुरू करून १०८ ने आयसीयू असलेल्या ठिकाणी पाठवा. जखम धुऊन तुटलेले दात शोधणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हे नंतर.

सर्पविषावरचं इंजेक्शन मात्र देऊ नका. उपयोग शून्य, आणि त्याचीच तीव्र ॲलर्जिक रिॲक्शन आली तर दोन संकटं. पाठवताना चिठ्ठीत प्राण्याचं नाव स्पष्ट लिहा. कायद्याच्या भीतीने घरचे लोक "साप चावला" म्हणून सांगतात आणि पुढचा सगळा उपचार चुकीच्या दिशेने जातो.

प्रश्न : मी सहावीत आहे, ऐरोलीला राहतो. कोमोडो ड्रॅगन पण विषारी आहे ना? मग तो हीलापेक्षा डेंजर का?

कारण तो तीन मीटरपर्यंत वाढतो रे! त्याच्या तोंडातल्या घाणेरड्या जंतूंमुळे शिकार मरते असं पूर्वी सगळे सांगायचे. २००९ मध्ये त्याच्या खालच्या जबड्यातल्या विषग्रंथींवर शोधनिबंध आला. ते विष रक्त गोठू देत नाही आणि रक्तदाब उतरवतं. पण करवतीसारख्या दातांनी पडलेली जखमच एवढी मोठी असते, की त्यात विषाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. मोठा होऊन तू सोडव ते भांडण.

प्रश्न : घणसोली. तीन वर्षांपूर्वी हिरवा इग्वाना घेतला, कागद काही नाहीत. आता भीती वाटते. पारसिकच्या टेकडीवर सोडून दिला तर?

सोडू नका. इग्वानाला आपली दमट हवा मानवते, हीच अडचण आहे. फ्लोरिडात आणि पोर्तो रिकोत पाळीव म्हणून आणलेले इग्वाना बाहेर सुटले, वाढले आणि आता कालव्यांचे काठ पोखरतायत.

हिरवा इग्वानाही सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून चौथ्या अनुसूचीत. नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. तेव्हा जवळ असलेल्या प्राण्यांसाठी केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर सहा महिन्यांची मुदत होती, ती उलटून गेली. तरीही गप्प बसण्यापेक्षा वकिलाचा सल्ला घेऊन ठाण्याच्या वन विभाग कार्यालयात लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. प्राणी कधी, कोणाकडून, किती रुपयांना घेतला ते लिहा. पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याबरोबरचं चॅट जपून ठेवा, तेवढाच तुमच्याकडचा पुरावा. अर्जावर निर्णय होईपर्यंत तो कोणाला विकू नका, "दत्तक" देऊ नका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या हाती देऊ नका, आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका.