वाचकांचे प्रश्न: तलवारबाजीचा चमू बाहेरगावी नेताना

प्रश्न: आमच्या क्लबची १४ मुलं पहिल्यांदाच बाहेरगावच्या तीन दिवसांच्या स्पर्धेला निघाली आहेत. फॉइल आणि इपी ही दोन शस्त्रं, दोन वयोगट. आधी तिकिटं काढावीत की राहण्याची जागा ठरवावी?

दोन्ही जरा थांबू द्या. आधी स्पर्धेचं पत्रक घेऊन बसा आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे शस्त्र, वयोगट, खेळण्याचा दिवस आणि हजेरी बंद होण्याची वेळ लिहून काढा. बहुतेक घोळ या शेवटच्या वेळेपाशी होतो. पत्रकात ‘सामने ९ वाजता’ असं ठळक छापलेलं असतं आणि ‘हजेरी ८.३० पर्यंत’ ही ओळ खाली कुठेतरी बारीक अक्षरात असते. हजेरी बंद झाली की पूल, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे पहिल्या फेरीचे गट, पाडले जातात. मग दारात उभ्या असलेल्या मुलाचं नाव त्यात नसतं.

आता ८.३० पासून मागे मोजत या. शस्त्र तपासणीच्या रांगेला पाऊण तास, अंग मोकळं करून थोडा सराव करायला अर्धा तास, कपडे बदलायला पंधरा मिनिटं. म्हणजे ७ वाजता हॉलमध्ये पोचायला हवं. मुक्कामापासून अर्ध्या तासाचं अंतर असेल तर ६.३० ला निघायचं आणि पावणेसहाला न्याहारी. मुक्कामाच्या ठिकाणी न्याहारी ७ ला मिळते की ६ ला, हे खोली ठरवतानाच विचारा. आदल्या संध्याकाळी शस्त्र तपासणी ठेवली असेल तर ती बंद होण्याआधी पोचेल अशीच गाडी घ्या. पहाटे चारला उतरवणारी गाडी स्वस्त असली तरी सोडून द्या.

यादी तयार झाली की आणखी एक गोष्ट नजरेला येईल. एका दिवशी चार मुलं चार वेगवेगळ्या पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्ट्यांवर, एकाच वेळी खेळत असतील, तर एक प्रशिक्षक पुरणार नाही. चौदा मुलांना, दोन शस्त्रं असताना, दोन प्रशिक्षक आणि हॉलबाहेरची धावपळ सांभाळणारा वेगळा व्यवस्थापक हवा. प्रशिक्षकालाच जेवणाचे डबे मोजायला लावलं की पूलमधली एखादी लढत हमखास त्याच्या नजरेतून निसटते.

प्रश्न: विमानतळावर किटबॅग ‘मोठ्या आकाराची’ ठरवून जादा पैसे घेतले. वजन तर २० किलोच्या आत होतं. हे टाळता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. मोठ्या मापाची फॉइल किंवा इपी मुठीसकट ११० सेंमीपर्यंत लांब असू शकते, तिसरं शस्त्र सेबर १०५ सेंमीपर्यंत. त्यामुळे बॅगेची लांबी ११५ ते १२० सेंमी होतेच. बऱ्याच विमान कंपन्या वजनाशिवाय लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीजही पाहतात, आणि ती मर्यादा बहुधा १५८ सेंमी असते. १२० × ३५ × ३० च्या चाकांच्या बॅगेची बेरीज १८५ होते. बॅग हलकी असली तरी मोठीच.

पहिला उपाय म्हणजे तिकिटासोबत ‘क्रीडासाहित्य’ म्हणून बॅगेची आगाऊ नोंद करून लेखी उत्तर जवळ ठेवणं. दुसरा उपाय स्वस्त पडतो. शस्त्रांसाठी अरुंद, लांबट बॅगा करा. ११५ × २२ × २० ची बेरीज १५७ येते. कपडे नेहमीच्या बॅगेत जाऊ द्या. इपीचं वजन नियमाने ७७० ग्रॅमच्या आत असतं, म्हणजे चार मुलांच्या मिळून बारा इपी साडेनऊ किलोंच्या आत बसतात. पण चौघांची सगळी शस्त्रं एकाच बॅगेत भरू नका. ती बॅग दुसऱ्या शहरात उतरली तर चौघेही प्रेक्षक होतील. प्रत्येकाची दोन शस्त्रं एका बॅगेत आणि तिसरं दुसऱ्या बॅगेत ठेवा. लहान मुलांची ० किंवा २ नंबरची पाती मुळातच आखूड असल्याने त्यांच्यासाठी एवढा खटाटोप लागत नाही.

शस्त्रं, स्क्रूड्रायव्हर आणि ॲलन की केबिनमध्ये नेऊ नका, चेक-इन सामानातच टाका. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या नेमक्या उलट, केबिनमध्येच. पात्याची वायर (स्पर्शाची विद्युत नोंद तिच्यातूनच होते) चिकटवायचा गोंद आणि ॲसिटोन घरीच राहू द्या. ज्वालाग्राही द्रव पदार्थ सामानात अडवले जातात. बूट, ग्लोव्ह, प्लॅस्ट्रॉन (जॅकेटच्या आत घालायचं संरक्षक अर्धं जॅकेट) आणि मावत असेल तर मास्क हातातल्या बॅगेत ठेवावा. शस्त्र उसनं मिळतं, पायाला बसलेला बूट मिळत नाही.

प्रश्न: शस्त्र तपासणीत दर वेळी आमच्या तीन-चार मुलांचं काही ना काही नापास होतं. घरून काय तपासून निघावं?

तपासणी निघण्याच्या आदल्या रात्री करू नका, आठवडाभर आधी करा. पात्यातली वायर नव्याने चिकटवावी लागली तर गोंद वाळायला वेळ हवा.

लामेपासून, म्हणजे स्पर्श नोंदवणाऱ्या धातूच्या धाग्यांच्या वरच्या जॅकेटपासून, सुरुवात करा. मल्टिमीटरची टोकं जॅकेटवर फिरवा. रोध कुठेही ५ ओहमच्या वर जाता कामा नये. काख, कॉलर आणि बगलेजवळची शिवण इथे कापड आधी मरतं, कारण घामातलं मीठ धातूच्या धाग्याला गंज चढवतं. घडी घालून ठेवलेल्या लामेत घडीच्या रेषेवर धागे तुटतात. म्हणून लामे गुंडाळून न्यावा, मुक्कामी पोचल्याबरोबर टांगावा आणि स्पर्धेनंतर कोमट पाण्यात न पिळता बुचकळून काढावा. ओला लामे पात्यांसोबत बॅगेत कोंबला की दोन्ही एकदमच खराब होतात.

बॉडी वायरचा, म्हणजे खेळाडूच्या कपड्यांतून शस्त्र गुणयंत्राला जोडणाऱ्या तारेचा, रोध १ ओहमच्या आत हवा. मोजताना वायर प्लगजवळ हलवा, कारण आतली तार तिथेच तुटते आणि स्थिर धरल्यावर ठीक असल्याचा भास होतो. फॉइलच्या पॉइंटने, म्हणजे टोकावरच्या दाबाच्या बटणाने, ५०० ग्रॅमचं वजन उचललं पाहिजे, इपीच्या पॉइंटने ७५० ग्रॅमचं. इपीला दोन पट्ट्यांची चाचणीही असते. १.५ मिमीची पट्टी पॉइंटखाली सरकली पाहिजे, आणि ०.५ मिमीची पट्टी मध्ये ठेवून दाबल्यावर स्पर्शाचा दिवा लागता कामा नये. वजन उचलत नसेल तर स्प्रिंग थकलेली असते. पट्टीची चाचणी चुकत असेल तर आतली छोटी संपर्क-स्प्रिंग जुळवावी लागते. फॉइलच्या टोकापासून १५ सेंमीपर्यंत इन्सुलेशन टेप अखंड हवी. ही टेप सोललेली असणं ही सगळ्यात क्षुल्लक चूक, आणि सगळ्यात जास्त दिसणारीही. मास्कची जाळी चेपलेली नाही ना, मागचा पट्टा सैल झालेला नाही ना, हेही बघा.

पिस्टवर येताना प्रत्येकाजवळ दोन चालू शस्त्रं आणि दोन बॉडी वायर हव्यात, फॉइल आणि सेबरला मास्क लामेशी जोडणारी मास्क वायरही दोन. नादुरुस्त शस्त्र घेऊन उभं राहिलं तर पिवळं कार्ड मिळतं. त्याच लढतीत पुन्हा तसंच झालं तर लाल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एक गुण फुकट.

क्लबच्या दुरुस्तीच्या डब्यात पॉइंटचे स्क्रू भरपूर ठेवा. ते इतके बारीक असतात की हॉलच्या फरशीवर पडला की सापडत नाही. स्प्रिंगा, दोन्ही वजनं, पट्ट्या, टेप, मल्टिमीटर आणि मुठीच्या नटाला बसणारी ॲलन कीही हवी. फॉइलला बॉडी वायर जिथे जोडतात त्या सॉकेटचे दोन प्रकार आहेत, दोन पिनांचा आणि फिरवून अडकवायचा बायोनेटचा. त्यांच्या बॉडी वायर एकमेकांत बसत नाहीत. क्लबने एकच प्रकार ठरवून टाकला तर उसनवारी सोपी होते. डावखुऱ्यांना लोक विसरतात. त्यांची पिस्तूल-मूठ वेगळी, ग्लोव्ह वेगळा, जॅकेटची चेनही दुसऱ्या बाजूला. चमूत एक जरी डावखुरा असला तरी जादा सामानात डाव्या हाताचा संच ठेवा.

प्रश्न: ऐनवेळी दोन पालकांनी माघार घेतली आणि बाकीच्यांवर बोजा पडला. हिशेब कसा मांडावा?

खर्चाचे दोन ढीग करा. मुलगा आला तरच होणारा खर्च, म्हणजे तिकीट, जेवण, प्रवेश शुल्क, एका बाजूला. प्रशिक्षकांचा प्रवास आणि मुक्काम, भाड्याची गाडी, व्यवस्थापक हे मुलं कमी झाल्याने कमी होत नाही. या दुसऱ्या ढिगाला नोंदलेल्या १४ ने भागू नका, १२ ने भागा. सगळे आले तर उरलेली रक्कम परत करा. परत मिळालेल्या पैशांवरून कुणी भांडत नाही. प्रवेशिका बंद झाल्यावर माघार घेतल्यास सामाईक खर्चातला वाटा आणि प्रवेश शुल्क परत मिळणार नाही, हे संमतिपत्रावरच छापा. अनेक स्पर्धांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त खेळाडू असले की क्लबला स्वतःचा पंच आणावा लागतो, नाहीतर दंड पडतो. त्याचा खर्चही याच ढिगात.

प्रश्न: माझी मुलगी ११ वर्षांची आहे. रात्री खोलीत कोण असणार, हे क्लबने स्पष्ट सांगितलेलं नाही. विचारणं गैर आहे का?

मुळीच नाही. मुलगी निघण्याआधी लेखी उत्तर मागा. त्यात एवढं तरी असायला हवं. प्रशिक्षक किंवा दुसरा कुणी मोठा माणूस, स्वतःच्या मुलाखेरीज कुठल्याही मुलाबरोबर एका खोलीत झोपत नाही. साधारण एकाच वयाच्या मुली एका खोलीत, शेजारच्या खोलीत सोबत आलेली बाई. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत नसावा. ॲलर्जी, चालू औषधं, इन्हेलर आणि तातडीच्या उपचारांची संमती यांचा एक कागद व्यवस्थापकाकडे आणि एक मुलीच्या बॅगेत ठेवा. सकाळीच हरलेल्या मुलीला दिवसभर कोण सांभाळणार, हेही विचारून घ्या. बऱ्याच क्लबांनी याचा विचारच केलेला नसतो.

प्रश्न: परतीची गाडी किती वाजताची घ्यावी?

सात जणांच्या पूलमध्ये २१ लढती होतात. लढतीमागे चार-पाच मिनिटं धरली तर दीड ते पावणेदोन तास. एका पिस्टवर दोन पूल ठेवले असतील तर दुप्पट. निकाल आणि क्रमवारीला अर्धा-पाऊण तास जातो. पुढे ६४ जणांचा बाद फेरीचा तक्ता आठ पिस्टवर असेल, तर पहिल्याच फेरीत प्रत्येक पिस्टवर चार लढती येतात. १५ गुणांच्या फॉइल किंवा इपीच्या लढतीला साधारण २० मिनिटं लागतात, म्हणजे ती फेरीच ८० मिनिटांची. पुढच्या फेऱ्या मिळून आणखी दोन तास, मधली विश्रांती वेगळी. ९ ला सुरू झालेली स्पर्धा चार-साडेचारला अंतिम लढतीपर्यंत येते. सेबर लवकर आटोपतं. त्यात बक्षीस समारंभ आणि हमखास होणारा उशीर धरा. रात्री ८ च्या आधीची गाडी घेऊ नका. शेवटच्या दिवशी मोठा वयोगट असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळची घ्या. उपांत्य फेरीतला मुलगा आणि फलाटावरची गाडी यांतून एक निवडायची वेळ प्रशिक्षकावर आणू नये.