जाजरकोटची 60 घरं: ठेकेदाराआधी गवंडी शोधा

तुमचा प्रश्न मला असा समजला: नोव्हेंबर 2023 च्या भूकंपात नेपाळच्या जाजरकोट भागात ज्यांची घरं गेली, त्यांच्यासाठी परदेशातल्या तुमच्या मराठी मंडळानं निधी जमवला आहे. त्यातून एकाच नकाशाची 60 तयार घरं बांधून द्यायची की पैसे त्या कुटुंबांच्या हाती द्यायचे? मंडळाचा कल तयार घरांकडे आहे, कारण रोख दिली तर ती उडून जाईल अशी भीती वाटते.

मी इंदूरला तीस वर्षं ओव्हरसियर म्हणून बांधकामावर काढली, आणि 2001 साली चार महिने कच्छात होतो. तयार घरं बांधू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे उडण्याची भीती कच्छातही होती. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेची मोठी कर्जं आली. तरी घरं बहुतांशी मालकांनी स्वतःच बांधली. पैसे हप्त्याहप्त्यानं खात्यात जमा व्हायचे आणि इंजिनियरनं काम पाहून सही केल्याशिवाय पुढचा हप्ता सुटायचा नाही. जवळजवळ 2 लाख घरं नव्यानं उभी राहिली.

आम्ही एका गावात गवंड्यांना रिंगा वळवायला शिकवत होतो. खांबाच्या उभ्या सळयांभोवती जी रिंग बांधतात, तिची टोकं नुसती काटकोनात वाकवून भागत नाही. ती आत, काँक्रीटच्या पोटात शिरतील अशी वळवावी लागतात, नाहीतर हादऱ्यानं रिंग उघडते आणि खांब फुटतो. एक म्हातारी ढिगाऱ्याशेजारी बाजेवर बसून हे ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक रिंग हातात घेऊन टोकावरून अंगठा फिरवायला लागली. टोक आत वळलेलं नसलं की रिंग बाजूला. मिस्त्री कुरकुरायचा, पण पुन्हा वाकवून आणायचा. इतकी कडक तपासणी मी नोकरीत कधी पाहिली नाही. तिचा मुलगा आणि नातवंडं त्या छपराखाली झोपणार होती. ठेकेदार बांधतो तेव्हा अशा बाईला फक्त चावी घ्यायला बोलावतात.

किल्लारीचा भूकंप (30 सप्टेंबर 1993) आपल्या लोकांना जास्त जवळचा. तिथं 52 गावं संपूर्ण उठवून नव्या जागी वसवली. घरं मजबूत मिळाली, पण रुंद रस्ते आणि सरळ रांगा यांत शेजार विस्कटला. कडबा कुठं रचायचा, बैल कुठं बांधायचे, हे नकाशा काढताना पुरेसं विचारलंच गेलं नाही. आमचे लातूरकडचे पाहुणे आजही जुन्या गल्लीचा विषय निघाला की गप्प होतात.

इंदूरचं उदाहरण मुद्दाम सांगतो. इथल्या अरण्य वसाहतीला जागतिक बँकेचं साहाय्य होतं, आराखडा बाळकृष्ण दोशींचा. साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट. गरीब कुटुंबाला पूर्ण घर दिलं नाही. प्लॉट, जोतं, संडास-न्हाणी, पाणी आणि ड्रेनेज दिलं, पुढच्या भिंती ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे चढवायच्या. नमुना म्हणून दोशींनी 80 घरं बांधून दाखवली. आज तिथं गेलात तर बाहेरून चढणारे जिने, ओट्यावरचं दुकान, वर मुलासाठी काढलेली खोली असं सगळं दिसेल. मूळच्या काही लोकांनी प्लॉट विकले, हेही खरं. तरीही वाढायला जागा ठेवलेलं घर कुटुंबाच्या उपयोगी पडतं, हे मी तिथं पाहिलं.

आता नेपाळकडे. 2015 च्या भूकंपानंतर तिथल्या सरकारनं घरामागे 3 लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले, पहिला हप्ता 50,000 चा. ज्यांच्याकडे आधीची पुंजी नव्हती ते व्याजानं पैसे काढून बसले. विधवा, म्हातारी माणसं, मुलगा आखातात किंवा मलेशियात असलेली घरं मागे पडली. हप्ता मिळावा म्हणून कित्येकांनी एका खोलीचं घर उभं केलं आणि जुन्याच डागडुजी केलेल्या घरात राहत राहिले. म्हणजे नुसती रोख देऊनही निभत नाही. तुमच्या मंडळाच्या पैशाची गरज नेमकी इथं आहे.

जाजरकोटला भिंती दगड-मातीच्या, किल्लारीच्या माळवदाच्या घरांसारख्याच जाड. अशा भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर सुटे राहतात आणि हादऱ्यानं फुगून कोसळतात. उपाय महागडा नाही: ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, आणि जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर व छताखाली चारी बाजूंनी फिरणारे पट्टे, लाकडाचे किंवा काँक्रीटचे. पडलेल्या घराचा दगड पुन्हा वापरता येतो. हे हातात बसलेले पाच-सहा गवंडी आणि निदान दोन हंगाम गावातच मुक्काम करणारा एक इंजिनियर, यावर आधी खर्च करा. मग वाहतूक, कारण डोंगरात सिमेंटच्या पोत्यापेक्षा ते वर चढवणं महाग पडतं. एकट्या बायका आणि म्हाताऱ्यांना मजुरीसाठी वेगळी रक्कम द्या, तीही काम सुरू होण्याआधी. नकाशा तिथल्या पालिकेकडून मंजूर करून घ्या, नाहीतर तुमच्या मदतीपायी त्या कुटुंबाचं सरकारी अनुदान अडकायचं.

बैठकीआधी एक माहिती मिळवा: 60 पैकी किती घरांतला कर्ता माणूस सध्या बाहेरदेशी आहे, आणि किती घरांत फक्त म्हातारी माणसं आहेत. तेवढे आकडे इथं टाका, गवंड्यांचा आणि मजुरीचा हिशोब मी मांडून देतो.