खिशातली मच्छेची तिकिटं

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, पोरगं कुठं जाऊलालंय तेच कळंना," म्हणत त्या माउलीनं टेबलावर बसची चुरगाळलेली तिकिटं ठेवली. शर्ट धुवायला घेतला की खिशात हीच. मुलगा वीस वर्षांचा, बेळगावच्या खडेबाजारात कापड दुकानात कामाला. घर पिरनवाडीला, तिकिटं मात्र सगळी पुढच्या मच्छेची.

मुलगा सोबतच आला होता. मी आईला थोडा वेळ बाहेर बसवलं. बऱ्याच वेळानं तो बोलला. कंडक्टर समोर आला की 'पिरनवाडी'च्या 'पि'वर ओठ मिटतात ते उघडतच नाहीत. मागून कुणी "बोल की लवकर" म्हणतं, कुणी हसतं. 'मच्छे' त्यातल्या त्यात सुटतं. म्हणून जास्तीचे पैसे देऊन मच्छेचं तिकीट घ्यायचं आणि पिरनवाडीला उतरायचं. असं दोन वर्षं चाललं होतं.

त्याला विचारूनच मी हे आईला सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरात मराठी, आणि आम्ही घातलं कन्नड शाळेत. तिथंच जीभ अडकली. माझंच चुकलं काय हो?"

आपल्या सीमाभागात हा प्रश्न मला फार आईबापांनी विचारलाय. मी तिला एवढंच विचारलं, अडखळणं सुरू कधी झालं? "चौथ्या वर्षी. अंगणवाडीत होता." म्हणजे कन्नड शाळेच्या आधीच. तिचा भाऊही असाच बोलायचा. तोतरेपणा बहुतेक वेळा दोन ते पाच या वयात सुरू होतो. मेंदूत बोलण्याची जुळणी कशी होते त्याच्याशी आणि आनुवंशिकतेशी त्याचा संबंध आहे. दोन भाषांमुळे तो येत नाही, आईच्या चुकीमुळे तर नाहीच. शंभरातल्या साधारण पाच मुलांना तो कधी ना कधी होतो. बहुतेकांचा आपोआप जातो, मोठेपणी शंभरात एखाद्याचा राहतो. घरातली एक भाषा बंद केली तर मुलाच्या हातून आजीशी बोलायचे शब्द तेवढे जातात.

जिभेला वेखंड घासून झालं होतं. वडलांचं "जरा दमानं बोल" रोजचंच. ते चांगल्या मनानंच म्हणत, पण पोराला वाटे, आपण चुकतोय. मी त्यांना म्हटलं, त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, नजर वळवू नका, तो काय सांगतोय ते ऐका. दुकानात, बसमध्ये आपणा सगळ्यांना हेच करता येतं, आणि त्याला बहुतेक वेळा काही सेकंदच लागतात.

स्पीच थेरपिस्टकडे तो आता जातो. माझ्याकडे आम्ही एकच वाक्य दोन्ही भाषांत घोटलं: "मी अडखळतो, जरा थांबा." कन्नडात नुसतं "स्वल्प तडीरी", म्हणजे "जरा थांबा", एवढं पुरतं. पहिल्यांदा बसमध्ये म्हणाला तेव्हा घामानं शर्ट भिजला होता, असं त्यानंच सांगितलं.

परवा आईचा फोन आला. आठवडाभराची तिकिटं तिनं मोजली होती. मच्छेची चार, पिरनवाडीची दोन.