नाशिकच्या थंडीत लिची, अव्होकॅडो, हापूस तग धरतील का?

कोकणातून नाशिकला आलात, मखमलाबाद शिवारात घराभोवती ५ गुंठे जागा आहे, तिथं लिची, अव्होकॅडो, हापूस आणि पेरू लावायचे आहेत. पण शेजारचे म्हणतात इथल्या थंडीत ही झाडं जळून जातील, आधी शेडनेट बांधा. असा तुमचा प्रश्न आहे. माझं घर गंगापूर रोडच्या बाजूला, बहिणीचं सासर पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्षबागायतदार, आणि यातली बहुतेक झाडं माझ्या परसात आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेडनेट जरूर बांधा. पण ते खरं कामाला येईल एप्रिलमध्ये.

थंडीचं आधी संपवू. नाशिक शहरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा साधारण ८ ते १२ अंशांत असतो, लाट आली की ५-६ पर्यंत उतरतो. वाढलेलं लिचीचं किंवा हास जातीचं अव्होकॅडोचं झाड शून्याच्या खाली एखाद-दोन अंशसुद्धा थोडा वेळ सोसतं. म्हणजे थंडीनं झाड मरायचा प्रश्न इथं जवळजवळ येतच नाही. उलट या झाडांना ती हवी असते. लिचीला मोहोर यायला काही आठवडे रात्री १५ अंशांच्या खाली जाव्या लागतात. तुमच्या कोकणात किनाऱ्यालगत नेमकं तेच मिळत नाही, नाशिकला ते फुकट मिळतं. थंडीला खरी कुरकुर करतात ती बारमाही उष्ण-दमट हवेतली झाडं. नीरफणस, जायफळ, रामबुतान यांचा नाद इथं सोडा. नारळ जगतो, पण गावच्या नारळाची आठवण काढत बसावं लागेल.

निफाडचे आकडे वाचून घाबरू नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान दर हिवाळ्यात पेपरात झळकतं आणि ते शहरापेक्षा दोन-चार अंशांनी खाली असतं. गोदावरी-कादवाच्या काठचा तो सखल, मोकळा पट्टा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते, जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते आणि उताराने वाहत जाऊन सखल जागी साचते. हीच गोष्ट तुमच्या ५ गुंठ्यांतही छोट्या प्रमाणात घडते. उताराच्या खालच्या टोकाला सलग कंपाउंड वॉल असेल तर थंड हवा तिथं अडते. त्या कोपऱ्यात पेरू लावा, लिची नको. आणि भिंत अजून बांधायची असेल तर खालच्या बाजूला जाळीचं फाटक ठेवा.

पहिल्या दोन हिवाळ्यांत मात्र रोपांकडे लक्ष द्यावं लागतं, कारण कोवळी फूट मोठ्या झाडाइतकी सोशिक नसते. लाटेचा इशारा आला की संध्याकाळी पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. द्राक्षवाले पहाटे ठिबक चालू करतात तेही याचसाठी, विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा बरंच उबदार असतं. रोपावर गोणपाट किंवा जुनी सुती साडी टाका, सकाळी काढा. प्लॅस्टिकचा कागद पानांना टेकू देऊ नका. थंडीत द्राक्षबागेत पेटवतात त्या शेकोट्यांबद्दल माझं मत आमच्या पाहुण्यांना पटत नाही: धुराचं पांघरूण जमिनीची ऊब अडवत नाही. जो काही फायदा होतो तो विस्तवाच्या उबेचा आणि त्यामुळे हलणाऱ्या हवेचा. चार झाडांसाठी पहाटे तीनला उठून ओला पालापाचोळा जाळायची गरज नाही.

आता लिची. मोहोर येईल, पण एका अटीवर. ऑक्टोबरनंतर झाडाला नवी पालवी फुटता कामा नये. दिवाळीच्या सुमारास कोणी प्रेमानं शेणखत-पाणी घातलं की नोव्हेंबरात तांबूस पालवी फुटते, दिसते सुंदर, आणि त्या वर्षीची फळं गेली म्हणून समजा. मोसंबी-डाळिंबाला जसा ताण देतात तसा लिचीलाही ऑक्टोबरअखेरपासून मोहोर दिसेपर्यंत पाणी तोडून ताण द्यायचा. मोहोर बाहेर पडला की पाणी सुरू, आणि मग त्यात खंड नको.

खरी परीक्षा पुढे असते. फळ भरतं ते एप्रिल-मेमध्ये, तेव्हा नाशिकला ४० अंश आणि कोरडा वारा. त्यात पाणी कधी कमी, कधी एकदम जास्त झालं की साल तडकते. उन्हाकडची बाजू करपते. म्हणून लिचीची जागा ठरवताना फक्त दुपारनंतरचं ऊन बघा. पश्चिमेला घराची सावली किंवा एखादं दाट झाड असेल अशी जागा द्या, वाऱ्याच्या बाजूला शेवरी नाहीतर गजराज गवताची ओळ लावा. घराच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला चिकटून लावू नका. जानेवारीत तिची ऊब बरी वाटते, एप्रिलमध्ये तीच भिंत रात्री दहापर्यंत झाडाला भाजते. रोप गुटी कलमाचंच, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं घ्या, बियांचं झाड फळाला फार वर्षं लावतं. लिचीच्या मुळांसोबत एक उपकारक बुरशी राहते, त्यामुळे कुठं जुन्या झाडाखालची घमेलंभर माती मिळाली तर खड्ड्यात जरूर मिसळा. माती चुनखडीची आहे म्हणून लिची येणार नाही असं कोणी म्हणालं तर फार मनावर घेऊ नका, बिहारमधल्या लिचीच्या पट्ट्यातली मातीही चुनखडीयुक्तच आहे.

हापूसचा हट्ट सोडा असं कोकणी माणसाला सांगणं म्हणजे आगाऊपणा, तरी सांगतो. घाटमाथ्याच्या अलीकडे केशर लावा. इथं थंडी लांबली आणि रात्रीचा पारा बरेच दिवस खाली रेंगाळला की मोहोरात नर फुलं जास्त निघतात, परागीभवन करणाऱ्या माश्याही कमी फिरतात. झाड मोहोरानं लगडतं आणि आंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गार रात्रीत मोहोरावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी येते ती वेगळीच. या सगळ्यात केशर हापूसपेक्षा भरवशाचा. पेरूला तर थंडी वरदान आहे. सरदार जात घ्या. एल-४९ किंवा लखनौ-४९ म्हणून मिळते ती हीच, १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चीमा यांनी निवडलेली. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं धरा म्हणजे फळं हिवाळ्यात येतील, गोडी जास्त आणि फळमाशी कमी. पेरूबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही, तो येतोच.

अव्होकॅडोवर मात्र थांबायला हवं, कारण तुमच्या यादीतलं सगळ्यात महाग रोप तेच आणि सगळ्यात जास्त मरतंही तेच. दोष थंडीला दिला जातो. झाड जातं मुळांच्या कुजीनं, फायटोप्थोरा नावाच्या बुरशीमुळे; मोसंबीला डिंक्या करणारी बुरशी याच कुळातली. अव्होकॅडोची अन्न घेणारी मुळं अगदी वरच्या थरात असतात आणि त्यांना हवा लागते. काळ्या जमिनीत तीन बाय तीनचा खड्डा खणून त्यात शेणखत-पोयटा भरला की जुलै-ऑगस्टमध्ये त्या खड्ड्याचं टाकं होतं, चारही बाजूंनी काळी माती पाणी मुरू देत नाही. झाड तेव्हाच आतून जातं, पण पानं माना टाकतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि नाव थंडीचं होतं. या कुजीचा दरारा केवढा बघा: जगभर विकल्या जाणाऱ्या हास जातीचं मूळ झाड कॅलिफोर्नियात एका पोस्टमननं, रुडॉल्फ हास यांनी, आपल्या जागेत वाढवलं होतं. १९३५ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. ते मूळ झाडही शेवटी मुळांच्या बुरशीनंच गेलं, २००२ साली.

म्हणून खड्डा खणूच नका. जमिनीच्या वर दीड-दोन फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद असा उंचवटा करा, मुरूम, माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून. मे महिन्यात करून ठेवा, पहिल्या पावसात तो बसेल, मग जुलैत त्याच्या माथ्यावर रोप लावा. ट्रायकोडर्मा घाला, ती रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपकारक बुरशी आहे. वर पाचट किंवा वाळलेल्या पानांचा जाड थर द्या, पण खोडापासून वीतभर लांब. पाणी ठिबकनं, थोडं थोडं. आळं करून पाइप सोडून देणं अव्होकॅडोला मानवत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. आपल्याकडचं बोअरचं पाणी बरेचदा जड असतं आणि अव्होकॅडो क्षारांना फार हळवं. पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन वाळू लागल्या तर खत वाढवू नका, क्षार साठलेत. एकदा भरपूर पाणी देऊन ते खाली धुऊन काढा, आणि जमलं तर छपरावरचं पावसाचं पाणी साठवून तेच या झाडाला ठेवा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर चुनखडीमुळे लोह मिळत नाहीये. चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीच्या मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह द्या.

आणि इथं ते शेडनेट येतं. पहिले दोन-तीन उन्हाळे, मार्चपासून पाऊस पडेपर्यंत, ५० टक्क्यांचं नेट वरून आणि पश्चिमेकडून बांधा. खोडाला बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी या प्रमाणात. उन्हानं साल फाटत नाही.

जातीबद्दल नर्सरीवाले खूप काही सांगतील. कलमच घ्या, खाल्लेल्या फळाची बी लावू नका. हास मिळालं तर ठीक, पण उन्हाळ्यात ते जरा नाटकं करतं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या चेट्टळ्ळी केंद्रातली अर्का सुप्रीमही बघा. 'ए आणि बी गटाची जोडी लावलीच पाहिजे' हे विकणाऱ्याला सोयीचं आहे, पण घरापुरत्या झाडाला तितकं खरं नाही. अव्होकॅडोचं प्रत्येक फूल दोनदा उमलतं, आधी मादी म्हणून, मग मिटून दुसऱ्या दिवशी नर म्हणून. ए गटाची फुलं मादी असतात सकाळी, बी गटाची दुपारी, म्हणून जोडी सांगतात. पण रात्री गार असल्या की हे वेळापत्रक विस्कटतं आणि एकाच झाडावर दोन्ही फुलं एकत्र उघडी सापडतात. जागा असेल तर दोन लावा, फळं वाढतील. नसेल तर एकावर भागतं.

फळ कधी काढायचं हे विचारायला तुम्ही परत येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. अव्होकॅडो झाडावर मऊ होत नाही, कितीही वाट बघा. आकार पुरता झाला असं वाटलं की एक फळ देठासकट कापून घरात ठेवा. आठ-दहा दिवसांत एकसारखं मऊ झालं तर बाकीची काढायला हरकत नाही. सुरकुतलं आणि रबरासारखं राहिलं तर अजून दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा एक काढून बघा.