घरच्यांना पाणी वापरायची शिस्त कशी लावावी?

तुमचा प्रश्न असा: लातूरला तुमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तरी घरचे नळ उघडा ठेवतात, ड्रम धूत नाहीत, माठात ग्लास बुडवतात, सांगून सांगून थकलात. आता सांगणं सोडा. माझ्या मते खोट माणसांत कमी आणि वस्तूंत जास्त आहे.

नळाचंच बघा. आट्यांची तोटी उघडी आहे की बंद, हे पाणी नसताना दिसतच नाही. कोणीतरी दुपारी पाणी आलं का बघायला फिरवते, कोरडी दिसली की तशीच सोडते आणि रात्री दोनला अंगणात तळं होतं. (काही घरांत ती मुद्दाम उघडी असते, धार पडल्याच्या आवाजाने जाग यावी म्हणून. तसं असेल तर खाली रिकामी बादली ठेवा.) तिथे दांड्याचा बॉल व्हॉल्व्ह बसवा. दांडा पाइपाच्या रेषेत असला की चालू, पाइपाला काटकोनात असला की बंद. जाता-येता नुसतं बघितलं तरी कळतं. पाव फेरीच्या सिरॅमिक तोट्या इथे नकोत. खूप दिवसांनी येणाऱ्या पाण्याच्या पहिल्या लोंढ्यात रेती-गंज असतो, त्याने आतल्या चकत्यांवर चरे पडतात आणि तोटी गळायला लागते.

दोनशे लिटरचा ड्रम धुतला जात नाही कारण तो एकट्याने कलंडतच नाही. तळाला वीस-तीस लिटर उरतं आणि त्यावरच नवं पाणी पडतं. उष्ण हवेत डेंग्यूच्या डासाचं अंडं ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो, म्हणजे जवळपास तुमच्या पाण्याच्या पाळीइतक्याच. तळाशी अर्धा इंची कॉक बसवून घ्या, ड्रम विटांवर कॉकच्या बाजूला किंचित उतार देऊन ठेवा. नुसतं रिकामं करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही काही महिने टिकतात, म्हणून काथ्याने घासायचं. तोंडाला सुती फडकं लावा, पण सुतळीने बांधू नका. दर वेळी सोडायची-बांधायची म्हटलं की तिसऱ्या दिवशी फडकं खुंटीवर दिसतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून तोंडावर ताणून बसेल असं कडं करा, झटकन बसतं. ड्रम चार बोटं रिकामा ठेवा, नाहीतर फडकं झोळून पाण्याला टेकतं आणि डास वरूनच अंडी घालतो.

माठ तोटीचा घ्या. तोटीच्या आत-बाहेर दोन्हीकडे रबरी वॉशर हवं, आणि नट हातानेच आवळा; पक्कड लावली की माठाला तडा जातो. तिवई एवढी उंच असावी की तोटीखाली तांब्या उभा मावेल. नाही मावला तर झाकण निघालंच म्हणून समजा. आणि तो ग्लास, जो आपण सगळेच माठाच्या झाकणावर पालथा घालतो, तो तिथून काढा. झाकणावर ग्लास असला की हात आधी झाकणाकडे जातो. तोटीशेजारी खिळा ठोकून कानाचा पेला अडकवा.